पूररेषेच्या नकाशासोबत तिची इनपुट फाइलही लोकांपुढे ठेवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वारणाकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पूररेषेचा नकाशा लावला होता. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि निळ्या व लाल रेषेच्या दरम्यान निर्बंध, हे आता नदीकाठच्या प्रत्येक गावाला पाठ झालेले आहे. एक वयस्कर शेतकरी सातबारा घेऊन तिथे उभे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागले नव्हते, तरी त्यांचे घर निळ्या रेषेच्या आत गेले होते. आणि ज्या शेजाऱ्यांना त्याच आठवड्यात होडीतून बाहेर काढावे लागले, त्यांचे घर लाल रेषेच्याही बाहेर दाखवले होते. असे का, हे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की रेषा संगणकाने काढलेली आहे. त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही. सातबाऱ्याची घडी घातली आणि ते निघून गेले.

ते उत्तर मला लागले, कारण संगणकाला अशा रेषा काढायला लावणाऱ्या फाइली तयार करणे हेच गेली वीस-बावीस वर्षे माझे काम आहे. ही रेषा कोण काढतो, हे मला ठाऊक आहे. पुराच्या गणिताचे सॉफ्टवेअर एक इनपुट फाइल वाचते आणि त्या फाइलीत माणसाने जे लिहिले असेल त्याचाच हिशोब करते. जमिनीवर जाळी किती बारीक टाकायची, उसातून पाणी किती अडखळत जाईल, नदीचे गणित कुठे संपवायचे, प्रवाहाची कोणती समीकरणे वापरायची, हे सारे निर्णय एखाद्या कार्यालयातल्या टेबलावर घेतले जातात आणि फाइलीत ओळीओळीने उतरतात. नकाशा लोकांना दाखवला जातो. मी आजवर पाहिलेल्या एकाही नकाशासोबत ही फाइल लोकांना दाखवलेली नाही. ती दाखवली जावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

ही फाइल म्हणजे काही गूढ वस्तू नाही, हे आधी सांगायला हवे. नद्यांच्या गणितासाठी जगभर वापरले जाणारे आणि आम्हीही वापरत आलेले हेक-रास हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाच्या जलविज्ञान केंद्राने १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केले. ते कोणालाही विनामूल्य मिळते. त्यात एका कामाच्या मुख्यतः चार फाइली असतात. पहिली प्रकल्पाची, दुसरी नदीच्या व जमिनीच्या भूमितीची, तिसरी प्रवाहाची, आणि चौथी या साऱ्यांची सांगड घालून गणित कसे करायचे ते सांगणारी योजनेची. त्यांतला बराचसा मजकूर साध्या अक्षरांत आणि अंकांत असतो. नोटपॅडमध्ये उघडला तरी वाचता येतो. सार्वजनिक बांधकामाचा अनुभव असलेल्या वाचकांना एका वाक्यात सांगायचे, तर ही फाइल म्हणजे पूररेषेची मोजमाप पुस्तिका आहे. मोजमाप पुस्तिकेत नोंद असल्याशिवाय मोरीच्या दगडी कामाचेसुद्धा बिल निघत नाही. मग हजारो कुटुंबांच्या घराजमिनीवर बंधन आणणारी रेषा मोजमाप पुस्तिका न दाखवता कशी मान्य करायची?

आता जाळीविषयी. द्विमितीय गणितात, म्हणजे पाणी नदीच्या दिशेने आणि आडवेही पसरते असे धरणाऱ्या गणितात, पूरपट्ट्यावर चौकोनांची जाळी टाकतात आणि कोणत्याही एका क्षणी एका चौकोनात पाण्याची पातळी एकच असते, असे धरले जाते. चौकोनाची बाजू १०० मीटर ठेवली, तर एक चौकोन म्हणजे एक हेक्टर, आपल्या बोलण्यातले अडीच एकर. नदीकाठी वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे असतात, तिथे अशा एका चौकोनात पाच घरचे पाच गट सहज येतात. बाजू निम्मी करून ५० मीटर केली, तर चौकोन चौपट होतात. गणित स्थिर राहावे म्हणून प्रत्येक पावलाचा कालावधीही साधारण निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट होते. जे गणित रात्रभरात संपत होते, त्याला मग चार-पाच दिवस लागतात. मुदत जवळ आली की जाळी जाड ठेवण्याचा मोह होतो, हे मी अनुभवाने सांगतो. जाड जाळी नेहमीच चूक असते, असे माझे म्हणणे नाही. मैलभर पसरलेल्या सपाट शेतात ती चालते. परंतु जिथे रस्त्याचा भराव आहे, कालवा आहे, रेल्वेची वाट आहे, तिथे ती चालत नाही.

याचा एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीत असताना मी नदीला समांतर जाणाऱ्या एका रस्त्याच्या परिसराचे गणित केले होते. रस्त्याचा भराव सुमारे तीन मीटर उंच होता आणि चौकोन १०० मीटरचे होते. हेक-रासमध्ये पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात जाते ते चौकोनांच्या सामाईक कडेवरून, आणि त्या कडेवर जमिनीची जी उंची असेल तिच्यावरून ते अडायचे की जायचे हे ठरते. भराव जर चौकोनाच्या मधूनच गेला असेल आणि कडेवर आला नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो अडथळा राहतच नाही. भरावाच्या दोन्ही बाजूंना एकच पातळी धरली जाते आणि पाणी तीन मीटरचा भराव न चढताच पलीकडे उगवते. त्यासाठी भरावाच्या माथ्यावरून एक रेषा आखून चौकोनांच्या कडा तिच्यावर बसवून घ्याव्या लागतात. मी ती आखली नव्हती. नकाशात रस्त्यापलीकडची वस्ती पहिल्याच दिवशी पाण्याखाली गेलेली दिसत होती आणि रंग छान भरलेले असल्यामुळे कार्यालयात कोणालाही शंका आली नाही. पुढे प्रत्यक्ष गावात गेलो, तेव्हा तिथल्या एका आजींनी सांगितले की, रस्त्यावरून पाणी कधी आलेच नाही. ते दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या मोरीतून मागच्या अंगाने आले, आणि म्हणूनच गोठ्यातली जनावरे सोडायला वेळ मिळाला. ती मोरी माझ्या फाइलीत नव्हतीच. भरावाची रेषा आणि मोरी घालून पुन्हा गणित केले, तेव्हा त्या वस्तीतल्या पाण्याची वेळही बदलली आणि उंचीही. ती फाइल गावात कोणी आधी पाहिली असती, तर ही चूक एका दुपारीत सापडली असती.

जाळीइतकाच महत्त्वाचा आणि तिच्याहून कमी चर्चिला जाणारा आकडा म्हणजे जमिनीच्या खरखरीतपणाचा, ज्याला अभियंते मॅनिंगचा एन म्हणतात. आयर्लंडमधील अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या १८८९ सालच्या सूत्रातून तो आला. स्वच्छ, सरळ नदीपात्रासाठी तो साधारण ०.०३ धरतात. पूरपट्ट्यासाठी आम्ही सगळे जे कोष्टक वापरतो, ते १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाठ्यपुस्तकातले आहे. त्यात ओळीत लावलेल्या, पूर्ण वाढलेल्या पिकांसाठी सर्वसाधारण आकडा ०.०३५ आहे, आणि दाट झुडपांसाठी उन्हाळ्यात तो ०.१ आहे. आता आपला ऊस यात कुठे बसवायचा? नावाने तो ओळीत लावलेले पीक आहे. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये लागण केलेला आडसाली ऊस पुढच्या ऑगस्टात, म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत, वर्षाचा झालेला असतो; त्याचा फड माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असतो आणि आत शिरायला वाट नसते. तो झुडपाच्या जवळचा आहे. सूत्र असे सांगते की, रुंद प्रवाहात विसर्ग आणि उतार तेच ठेवून खरखरीतपणाचा आकडा दुप्पट केला, तर पाण्याची खोली सुमारे दीडपट होते. सर्वत्र इतका फरक पडणार नाही, कारण मुख्य पात्रातून जाणाऱ्या पाण्याला उसाशी कर्तव्य नसते. परंतु ज्या पट्ट्यात पाणी फडांतूनच वाहते, तिथे रेषा एका गटातून दुसऱ्या गटात सरकायला एवढा आकडा पुरेसा आहे. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठी ऊस किती आहे, हे मी सांगायला नको. त्या उसासाठी कोणता आकडा धरला, हे जाणून घेण्याचा हक्क ऊस लावणाऱ्याला नसावा काय?

जमिनीच्या उंचीचेही असेच आहे. सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या उपग्रहीय उंच-सखलतेच्या माहितीतला एक मोठा भाग फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून अकरा दिवसांत रडारने मोजलेला आहे, आणि त्यातील उभ्या चुकीची मान्य मर्यादा १६ मीटर होती. सपाट प्रदेशात प्रत्यक्ष चूक याहून बरीच कमी भरते, हे खरे आहे; पण ते रडार पिकांचा आणि झाडांचा शेंडाच बऱ्याच अंशी जमीन म्हणून मोजते, हेही खरे आहे. आता सांगलीकरांच्या मनात कोरलेला फरक पाहा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले आणि २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. ज्या चार फुटांनी नव्या वस्त्याच्या वस्त्या बुडवल्या, ते चार फूट म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. म्हणून रेषा कोणत्या उंचीमापनावर उभी आहे, ड्रोनच्या, पायी केलेल्या लेव्हलिंगच्या की फुकट मिळालेल्या उपग्रहीय, हे नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहिलेले असले पाहिजे. त्यातच पुलावरची पट्टी फुटांत, तिचा शून्य स्थानिक, आणि फाइलीतली जमीन समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. ही दोन मापे जुळवताना पट्टीचा शून्य कोणत्या उंचीला धरला, ती एक ओळ चुकली, तर पुढचे सगळे गणित बिनचूक होऊनही उत्तर चुकीचेच येते.

सर्वांत तापलेला विषय कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा. धरणाची पूर्ण संचय पातळी आज ५१९.६० मीटर आहे आणि कृष्णा पाणी तंटा लवादाच्या २०१० च्या निर्णयात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा मुद्दा आहे. फुगवट्याचे, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारे, पाणी सांगली-कोल्हापूरपर्यंत पोहोचते की नाही, यावर मोर्चे निघतात, विधिमंडळात भाषणे होतात, समित्यांचे अहवाल येतात. मी येथे त्या वादात कोणतीही बाजू घेत नाही. परंतु हा प्रश्न ज्या ठिकाणी सुटतो, ते ठिकाण फाइलीतल्या एका नोंदीत आहे, हे लोकांना कळायला हवे. प्रत्येक नदीचे गणित खालच्या टोकाला कुठेतरी थांबवावे लागते आणि तिथे पाण्याची पातळी कशी वागेल हे गणिताला आपणच सांगावे लागते. त्याला सीमेची अट म्हणतात. कोणी गणित राजापूर बंधाऱ्याशी थांबवून तिथे केवळ नदीच्या उताराचा आकडा देईल, तर धरणाचा फुगवटा त्या उत्तरात दिसणे शक्यच नाही, कारण धरण त्या गणितात नाहीच. दुसरा कोणी गणित थेट अलमट्टीच्या भिंतीपर्यंत नेईल आणि तिथे तासातासाची जलाशय पातळी देईल, परंतु मधल्या हिप्परगी बॅरेजची दारे उघडी धरली की बंद, आणि जलाशयाचे आडवे छेद गाळ साचण्यापूर्वीचे घेतले की नंतरचे, यावर त्याचेही उत्तर बदलेल. दोन तज्ज्ञ एकमेकांविरुद्ध बोलतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या सीमा वेगळ्या असतात. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या, तर हा वाद भाषणांतून निघून आकड्यांवर येईल. आपल्याकडच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले गेले असे गणितात धरले आहे काय, हा प्रश्नही याच प्रकारचा, आणि तो आपण स्वतःला विचारण्याचा आहे.

समीकरणांच्या निवडीविषयी थोडक्यात लिहितो. हेक-रासमध्ये द्विमितीय गणितासाठी न सांगता जी समीकरणे लागू होतात, ती सोपी व वेगवान आहेत. पाण्याच्या अंगचा वेग आणि त्यामुळे येणारा रेटा त्यांत धरलेला नसतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते किंवा नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, अशा ठिकाणी आणि पुलांच्या गाळ्यांपाशी पूर्ण समीकरणे वापरून पाहणे आवश्यक असते. ही निवड योजनेच्या फाइलीत एका शब्दाची असते. ती कोणती केली, हे नकाशावरून कोणालाही ओळखता येणार नाही.

चांगले गणित वाईट इनपुटमुळे कसे फसते, याचा दाखला या शास्त्राच्या आरंभीच आहे. लुई फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत असताना, युरोपच्या नकाशावर चौकोन आखून, २० मे १९१० या दिवसाचे सहा तासांचे हवामान हाताने गणित करून काढले. उत्तर आले की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. पुढे तपासात आढळले की पद्धत मुळात बरोबर होती आणि दोष सुरुवातीच्या आकड्यांत होता. हे आढळू शकले, कारण रिचर्डसनने १९२२ साली आपले चुकलेले उत्तर, सर्व चौकोन आणि सुरुवातीचे सर्व आकडे जसेच्या तसे छापले होते. आज पुण्यात हवामानाची गणिते महासंगणकावर सहा किलोमीटरच्या जाळीवर चालतात. त्या विद्येची वाट त्या छापलेल्या चुकीवरून आली आहे.

माझ्या मागणीवर नेहमी येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला सुरक्षेचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती वगळता सार्वजनिक पैशातून गोळा झालेली अशी माहिती भारतीय नागरिकांना व संस्थांना सहज मिळावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले. धरणाच्या दारांची यंत्रणा किंवा तत्सम नाजूक तपशील खरोखरच असतील, तर तेवढे वगळावेत. उसाचा खरखरीतपणा हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, सामान्य माणसाला यातले काय कळणार. पहिल्या वाचनात त्याला नाही कळणार. परंतु सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद महाविद्यालय आहे, कोल्हापूरला विद्यापीठ आहे, गावोगावी अभियांत्रिकी शिकलेली मुले आहेत. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, साधा घरचा संगणक पुरतो. फाइल मिळाली, तर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी ती चालवून पाहील, एक आकडा बदलेल आणि आपल्या गावात जाऊन सांगेल की आपली रेषा कशामुळे कुठे सरकते. शिवाय, ज्याला सूत्र कळत नाही त्याला मोरी कुठे आहे ते कळते, आणि माझ्या अनुभवात चुका सूत्रांत कमी आणि मोऱ्यांत जास्त सापडतात. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो म्हणजे चुका बाहेर पडण्याची भीती. ती मीही बाळगली आहे. पण चूक नकाशात दडून राहिली, तर तिची किंमत ती करणारा भरत नाही. ज्याचे घर रेषेच्या चुकीच्या बाजूला पडले तो भरतो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार निर्णयांमागची माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. म्हणून जलसंपदा विभागाला विनंती आहे की, यापुढे पूररेषेचा प्रत्येक नकाशा संकेतस्थळावर टाकताना त्यासोबत भूमितीची, प्रवाहाची आणि योजनेची फाइल ठेवावी आणि एका पानावर सोप्या मराठीत लिहावे की चौकोन किती मीटरचा आहे, जमिनीची उंची कशावरून व कोणत्या वर्षी घेतली, कोणत्या पिकाला खरखरीतपणाचा कोणता आकडा दिला, खालची सीमा कुठे आहे, पंचवीस आणि शंभर वर्षांच्या, म्हणजे सरासरी तितक्या वर्षांतून एकदा येणाऱ्या, पुराचा विसर्ग किती वर्षांच्या नोंदींवरून काढला, आणि २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांशी ताडून पाहिल्यावर प्रत्येक मोजपट्टीवर उत्तर किती फुटांनी चुकले. हरकतींसाठी मुदत दिली जाते, ती या फाइली प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून मोजावी. त्या पाहिल्याशिवाय घेतलेल्या हरकतीला भावनेखेरीज काही आधार उरत नाही. गावागावांतल्या भिंतींवर लोकांनी रंगवलेल्या पूरखुणांची उंची मोजून तीही या पडताळणीत घ्यावी. एका खुणेला लेव्हल लावायला अर्धा तास पुरतो.

सुरुवातीला ज्या शेतकऱ्यांचा उल्लेख केला, त्यांच्या शेजाऱ्यांच्या ओट्याच्या भिंतीवर तशी एक खूण आहे. तैलरंगाची आडवी रेघ आणि तिच्यावर ‘९-८-२०१९’ ही तारीख. जमिनीपासून ती माझ्या छातीइतकी उंच भरली. ती रेघ विभागाच्या जाळीतल्या कोणत्या चौकोनात येते आणि त्या चौकोनात २०१९ च्या पुराचे पाणी किती उंच आले होते असे गणित म्हणते, हे त्या दोन्ही कुटुंबांना येत्या पावसाळ्यापूर्वी कळावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
नदीगणिताचे काम करणारा एक अभियंता,
मिरज